पाच विती आणि चार बोटं

सोमवारी कोल्हापूरचं उद्यमनगर बंद असतं, म्हणून फक्रुद्दीन शिकलगारचं विमान सोमवारी उडायचं.

बाकीचे सहा दिवस तो लेथवर उभा असे. वय त्रेसष्ट. घरात चालताना जरा वाकायचा, पण मशीन सुरू झालं की पाठ आपोआप ताठ व्हायची. साखर कारखान्यांच्या पंपांचे बुश, ऊसतोड ट्रॅक्टरच्या पिना, कुणाच्या पिठाच्या गिरणीचा झिजलेला शाफ्ट, असलं काम. त्याच्या शेडमध्ये एक भिंत होती, तिच्यावर ऑइल पेंटनं नावं लिहिलेली. नवा माणूस कामाला आला की फक्रुद्दीन पहिल्या दिवशी त्याच्या हातात हत्यार देत नसे. त्याचा पंजा पोलादी पट्टीवर ताणून धरायचा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत वीत मोजायचा, आणि ती नावासकट भिंतीवर लिहायचा. गुंडू, साडेआठ इंच. राजवीर, नऊ. सगळ्यांत खाली तोहिद, पावणेनऊ.

"टेप घरी ऱ्हाईल, पट्टी हरवंल," तो सांगायचा. "पंजा कुटं ठेवून येणार हायस?"

तोहिद म्हणजे त्याचा मुलगा. चार वर्षांपूर्वी तो मस्कतला गेला.

विमानाचं सगळं तोहिदमुळंच सुरू झालं, पण हे फक्रुद्दीननं कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगा गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर आतल्या खोलीतच राहिला. कुलसुमनं, त्याच्या बायकोनं, त्यावर जुनी चादर टाकली. वर्षभर ती चादर तशीच होती. आत कुणी झोपलेलं असावं तशी. एका सोमवारी, काहीच काम नव्हतं म्हणून, फक्रुद्दीननं चादर काढली आणि बटण दाबलं. विमान चालवायचा खेळ निघाला. खेळात कोल्हापूरचा, उजळाईवाडीचा विमानतळ होता, आणि धावपट्टीच्या टोकाला एक पंख्याचं छोटं विमान तोहिदनं अर्धवट सोडून दिलेलं उभं होतं. फक्रुद्दीन त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं चुकून कुठलं तरी बटण दाबलं आणि विमान गवतात गेलं.

तिथून ते वेड लागलं. आयुष्यात तो एकदाही विमानात बसला नव्हता. पण यंत्र कळायला त्यात बसावं लागतं असं त्याला कधीच वाटलं नाही. वर्षाभरात खोलीच्या कोपऱ्यात भंगारातल्या मारुतीच्या दोन सीटा आल्या. पाइपाचं स्टेअरिंग आलं. पायाखाली त्यानं स्वतः लेथवर टर्न केलेली पेडलं आली. कुलसुम म्हणाली, "कपाट ठेवायला जागा न्हाय म्हणत हुता. विमानाला बरी जागा गावली."

दुसऱ्या सीटवर तात्यासो मगदूम बसायचा. कोडोलीच्या शाळेत दोघं एका बाकावर होते. तात्यासोनं पुढं बिद्रीच्या साखर कारखान्यात कारकुनी केली, निवृत्त झाला आणि कोल्हापुरात घर बांधून राहिला. त्याला इंग्रजी वाचता यायचं, म्हणून तो को-पायलट. उड्डाणाआधी काय काय तपासायचं त्याची यादी तो मस्टर वाचल्यासारखी मोठ्यानं वाचायचा.

"फ्लॅप."

"हाय."

"हाय म्हंजे किती? पाच का धा?"

"पाच."

"मग पाच म्हण की. हजेरी घ्यायलोय व्हय मी?"

तात्यासोची एकच अट असे. तो जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारा. त्यामुळं या घरातून सुटलेलं कुठलंही विमान दिवस असतानाच उतरायचं. पाऊण तासाचा रस्ता उरला की त्याच्या बायकोचा, रत्नाबाईंचा फोन यायचा, "तुमचं विमान कुठवर आलंय? भाकरी टाकू का नको?" आणि तात्यासो गंभीरपणे सांगायचा, "बेळगाव ओलांडलंय. टाक."

असं ठीक चाललं होतं. मग गेल्या वर्षी मार्चमध्ये बातमी आली की कुठल्याशा थंड देशातले दोघं भाऊ या खेळासाठी एक नवं प्रवासी विमान बनवतायत. दोन इंजिनांची लांब एअरबस. वेगळं विकत घ्यायचं, कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आणि आपल्या खेळात जोडायचं. असली विमानं खेळात आधीही होती, पण हे भाऊ म्हणे एकेक रिव्हेट खऱ्यासारखा बसवतात, आणि सामान चढवायची दारंसुद्धा उघडतात.

तात्यासोला वाटलं, मोठं विमान आलं की फक्रुद्दीनला हौस. पण हौसेचं नव्हतं ते.

तोहिद मस्कतच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता, आणि तो ज्या विमानांच्या पोटात शिरायचा ती हीच होती. हे कुलसुमनं फोनवर ऐकलं होतं, आणि भाजी निवडता निवडता बोलून गेली होती. फक्रुद्दीननं तेव्हा मान वर केली नव्हती. पण विमानाचं नाव त्यानं बिडीच्या बंडलावर लिहून ठेवलं होतं.

कारण मुलगा त्याच्याशी बोलत नव्हता. दर शुक्रवारी फोन यायचा तो आईच्या मोबाइलवर. शेवटी "अब्बांना सलाम सांग" एवढं यायचं, आणि इकडून "सांगितला म्हण" एवढं जायचं. जाताना भांडण झालं होतं. फक्रुद्दीननं त्याच्यासाठी दुसरा लेथ घेऊन ठेवला होता, आणि पोरगं परदेशात हमालीला निघालं होतं. बॅग भरून दारात उभ्या असलेल्या मुलाला बाप म्हणाला होता, "पोतीच उचलायची हुती तर मार्केट यार्ड काय लांब हुतं?"

तोहिदनं वळून बघितलं नाही. ते वाक्य मात्र घरात राहिलं. लोखंडाचा कीस डोळ्यात गेला की दिसत नाही, पण पापणी मिटली की कळतो, तसं.

आता हे नवं विमान येणार होतं. त्याचं दार उघडणार होतं. मुलगा रोज काय बघतो ते त्या दारातून दिसेल, एवढंच फक्रुद्दीनला हवं होतं. माफी कशी मागतात ते त्याला ठाऊक नव्हतं. एखादी वस्तू नीट बघणं त्याला येत होतं.

ते दोघं भाऊ दर आठवड्याला एक चित्र टाकायचे. कधी चाक, कधी पंखाची कड, कधी खिडकीवरचा ओरखडा. फक्रुद्दीन ते चित्र मोठं करून करून बघायचा. लोक खाली शिव्या घालायचे, कधी देणार, पैसे घ्यायला बसलाय का म्हणून. फक्रुद्दीननं तात्यासोकडून एकदा इंग्रजीत लिहवून घेतलं, "घाई करू नका. फिनिशिंग चालू आहे." खाली नाव, शिकलगार, कोल्हापूर. त्यावर त्या भावांपैकी कुणीतरी अंगठा दाखवला. तो अंगठा फक्रुद्दीननं आठवडाभर सगळ्यांना दाखवला. चहाच्या गाड्यावरच्या गणपतरावालाही.

"गोऱ्या माणसानं दाखवलाय," तो म्हणाला.

"बरा अंगठा का वाईट अंगठा?" गणपतरावानं विचारलं.

पावसाळा गेला. दिवाळी गेली. विमान येईना. मग थांबून थांबून फक्रुद्दीननं टर्नरनं करावं ते केलं. इंजिनाची ताकद कमीजास्त करायच्या दोन दांड्या असतात, त्या त्यानं स्वतःच बनवायला घेतल्या. भावांच्या चित्रावर, चक्क कॉम्प्युटरच्या काचेवर व्हर्निअर लावून त्यानं माप घेतलं. तात्यासो हसून हसून खोकायला लागला.

"अरं, ते चित्र हाय. मोठं केलं की मोठं हुतंय, बारीक केलं की बारीक!"

"कळतंय मला. शेजारी त्या भावाचा हात हाय बघ. हाताच्या मापानं काढतोय."

"त्या गोऱ्याची वीत तू मोजलीयास व्हय?"

फक्रुद्दीननं अंदाजानं मोजली होती. दांड्या झाल्या सुरेख. भरीव पितळेच्या, आरशासारख्या घासलेल्या. पोकळ करायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. चाळीस वर्षांत त्यानं पोकळ माल कुणाला दिला नव्हता.

विमान आलं ते फेब्रुवारीत, एका बुधवारी दुपारी. तो शेडमध्ये होता. तात्यासोचा फोन आला, "आलं!" एवढाच. फक्रुद्दीननं मशीन बंद केलं, हात पुसले आणि मग पुन्हा मशीन सुरू करून चालू असलेला बुश पुरा केला. हातातलं काम अर्धं टाकून तो कुणाच्या मयतीलासुद्धा गेला नव्हता.

सोमवारी दोन वाजता तात्यासो झेंडूचा हार आणि नारळ घेऊन दारात हजर. कुलसुम बघत राहिली.

"हे काय, तात्याभावजी?"

"नवी गाडी आली की आपण काय करतोय? मग इमानानं काय घोडं मारलंय?"

हार कॉम्प्युटरला घातला. त्यानं उजवीकडचे तीन काटे झाकले गेले, म्हणून थोडा सरकवला. नारळ मात्र कुलसुमनं अंगणात फोडायला लावला, खोलीत पाणी सांडायला नको म्हणून. खोबरं तिनं तिघांना वाटलं.

"कुटं जायचं?" तात्यासोनं यादी उघडली. "गोवा? हैदराबाद?"

"मस्कत."

तात्यासोनं त्याच्याकडं बघितलं. मग घड्याळ बघितलं, बोटांवर हिशेब केला. "तीन तास. साडेपाचला उतरतोय. चालंल. पर आपली धावपट्टी आखूड हाय, मर्दा. हे धूड उठंल का?"

"माणसं कमी घेतो. तेल लागंल तेवढंच."

यादी वाचून झाली. फक्रुद्दीननं पितळी दांड्या पुढं सारल्या. इंजिनं गरजली, भिंतीवरचं कॅलेंडर हलल्याचा भास झाला. उजळाईवाडीचं गवत मागं पळायला लागलं. मग आवाज हळूहळू खाली आला. फक्रुद्दीननं बघितलं तर दांड्या आपल्याच वजनानं मागं घसरत होत्या.

"धर!" तो ओरडला.

"काय धरू?"

"दांडी धर, तात्या! पट्टी संपाय लागलीय!"

तात्यासोनं दोन्ही हातांनी दांड्या पुढं दाबून धरल्या. धावपट्टी संपली, कुंपण आलं, आणि कुंपणाच्या वरून ती लांब पांढरी एअरबस वर गेली. तात्यासो म्हणाला, "पोकळ केली असतीस तर तुझ्या बाचं काय गेलं असतं?"

वर गेल्यावर दांड्यांखाली कुलसुमचं लाटणं अडकवलं, तेव्हा त्याचे हात सुटले. खाली कोकणपट्टी गेली, मग नुसतं पाणी. तात्यासो निळ्या पडद्याकडं बघत डुलक्या घेत होता. फक्रुद्दीन जागा होता. हाच रस्ता, त्याला वाटलं. चार वर्षांमागं पोरगं याच पाण्यावरून गेलं असणार. खिडकीत बसलं होतं का मधल्या सीटवर, ते आपण विचारलंसुद्धा नाही.

समोरून वारा निघाला आणि उशीर झाला. सहा वाजता मस्कतचे उघडे तपकिरी डोंगर दिसायला लागले. रत्नाबाईंचा फोन तीनदा येऊन गेला.

"तितं अजून ऊन हाय बघ," फक्रुद्दीन म्हणाला. "तुझा सूर्य कुटं मावळलाय?"

"मस्कतला मावळला नसंल. माझं पोट कोल्हापुरात हाय!"

उतरले. जरा आपटले, पण उतरले. तात्यासो चपला घालताघालताच रस्त्याला लागला, आणि खोलीत फक्रुद्दीन एकटा राहिला. त्यानं विमान इमारतीजवळ उभं केलं, इंजिनं बंद केली. मग नजर विमानाच्या बाहेर काढली, तसं करता यायचं, आणि पोटाखाली नेली. रिव्हेट बघितले. ओळ सरळ होती. काम करणाऱ्यांचा हात चांगला होता. मग त्यानं दाराचं बटण दाबलं.

दार बाहेरच्या अंगाला, वर, सावकाश उघडलं. एक बिजागरीसुद्धा खोटी नव्हती.

तो नजर आत घेऊन गेला. आत काही नव्हतं. जमीन नाही, छत नाही. करडा रंग, आणि तोही एका बाजूनं. जरा पुढं गेला तर नजर विमानाच्या पातळ कातड्यातून आरपार होऊन पलीकडच्या उन्हात निघाली. तो मागं आला, पुन्हा शिरला, पुन्हा पलीकडं निघाला. अकरा महिने ज्यासाठी थांबला ती जागा कुणी बनवलीच नव्हती. त्या भावांना दोष कसा द्यायचा? त्यांना दारापर्यंतच ठाऊक होतं. त्यालासुद्धा दारापर्यंतच ठाऊक होतं.

त्यानं त्या उघड्या दाराचा फोटो काढला. मोबाइलमध्ये तोहिदचा नंबर होता, कधी लावला नव्हता एवढंच. फोटो पाठवला. खाली काय लिहावं सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन निघत होता तेव्हा फोन वाजला. कुलसुमचा नव्हे, त्याचा.

"फोटो तुम्ही पाठवलाय?" तोहिद म्हणाला. सलाम नाही, काही नाही.

"व्हय."

"का अम्मीनं?"

"अम्मीला येतोय व्हय पाठवाय?"

पलीकडं कुठलं तरी यंत्र घोंघावत होतं.

"दार बरोबर हाय का ते?" फक्रुद्दीननं विचारलं.

"बरोबर हाय. असंच वर जातंय. कुटलं हाय हे?"

"तुझ्या कॉम्प्युटरवरचं. आत काय न्हाय पर. मोकळंच हाय."

"आत कोण बघतंय, अब्बा? माणसं वर बसत्यात."

फक्रुद्दीननं डबा खाली ठेवला. "मी बघाय गेलतो," तो म्हणाला. "दिसलं न्हाय."

फोन तुटला की काय म्हणून त्यानं कानापासून काढून बघितला. तुटला नव्हता.

"उंची किती आतली?"

"कशाला पाहिजे?"

"सांग की."

"उभं ऱ्हाता येत न्हाय. गुडघ्यावर सरकत जायचं. चार फूट असंल."

"असंल? असंलवर बुश बसतोय व्हय?"

तोंडातून निघून गेल्यावर त्यानं जीभ चावली. हेच ते बोलणं, ज्याला कंटाळून पोरगं गेलं होतं. पण पलीकडून नाकातून हवा सुटल्यासारखा आवाज आला. तोहिद हसत होता.

"पाच विती आणि चार बोटं," तो म्हणाला. "पयल्याच दिशी मोजलंय. टेप न्हेऊ देत न्हाईत आत."

पावणेनऊ पाचे पावणेचव्वेचाळीस, हे फक्रुद्दीनच्या डोक्यात आपोआप सुरू झालं होतं. चार बोटं सव्वातीन.

"सत्तेचाळीस इंच," तो म्हणाला. "तीन फूट अकरा."

"माझी वीत ध्येनात हाय?"

"भितीवर हाय की. पुसलीय व्हय कुणी?"

मग तोहिदच बोलायला लागला. एका विमानात दीडशेएक बॅगा. एकेक तेवीस किलो, काही लबाडांच्या तीस. बाहेरून पट्ट्यावरनं येतात, आतला माणूस गुडघ्यावर बसून त्या मागं लोटतो आणि भिंत रचल्यासारख्या रचतो. आत भट्टी असते. वर माणसं चढत असतात तेव्हा त्यांच्या पावलांचा आवाज डोक्यावर ऐकू येतो. अर्ध्या तासात रिकामं करायचं आणि पुन्हा भरायचं.

"एकटाच असतोस आत?"

"दोघं. दुसरा केरळचा हाय. त्याची वीत आठ."

आता हसायची पाळी फक्रुद्दीनची होती.

त्या दिवशी तो शेडला उशिरा गेला. त्याआधी त्यानं आतल्या खोलीच्या भिंतीवर, जमिनीपासून तीन फूट अकरा इंचांवर, खडूनं आडवी रेघ मारली. रेघेखाली गुडघ्यावर बसला. मान आपोआप वाकली. कुलसुमचं गव्हाचं पोतं कोपऱ्यात होतं, ते त्यानं तसंच, न उठता, सीटपासून दारापर्यंत लोटत नेलं. एकदाच. गुडघ्यातून कळ गेली ती थेट कमरेत.

कुलसुम दारात उभी होती. "हे काय? नमाजाचा किबला हिकडं न्हाय."

"त्याचं माप बघतोय," तो खालूनच म्हणाला.

ती आत आली, रेघेला हात लावून बघितला, आणि मग त्याला उठायला हात दिला.

पुढच्या सोमवारी दांड्या पोकळ झाल्या होत्या. घसरल्या नाहीत. वाराही मागून होता, विमान सव्वापाचला मस्कतला उतरलं, आणि तात्यासो खुशीत चपला शोधायला लागला.

"बस," फक्रुद्दीन म्हणाला. त्यानं इंजिनं बंद केली, दाराचं बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले.

"आता काय?"

"खाली हुतंय अजून."

"काय खाली हुतंय? आत तर काय न्हायच म्हणालास."

"अर्धा तास लागतोय."

तात्यासोनं खिडकीतून सूर्याकडं बघितलं. शेजारच्या पत्र्यावर ऊन अजून होतं, पण पिवळं पडायला लागलेलं. त्यानं फक्रुद्दीनकडं बघितलं, मग भिंतीवरच्या त्या आडव्या रेघेकडं. खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, "भाकरी टाक, पर झाकून ठेव. यायलोय."

मग परत त्या फाटक्या मारुतीच्या सीटवर टेकला. दोघं समोरच्या पांढऱ्या विमानाकडं आणि त्याच्या उघड्या दाराकडं बघत बसले. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. बाहेर कुणाच्या तरी स्कूटरला किक बसत नव्हती.

दहा मिनिटांनी तात्यासो म्हणाला, "किती पोती ऱ्हायली रे अजून?"

"पोती न्हवं, बॅगा," फक्रुद्दीन म्हणाला. "चाळीसएक असतील."

"असतील?"

फक्रुद्दीननं मोबाइल उचलला. "थांब," तो म्हणाला. "इच्यारतो."